मागून आलेला आवाज

खजुरीच्या शाळेत शैलश्री विज्ञान शिकवायची, आणि विजेचा धडा म्हणजे तिचा हातखंडा. वीज पडते तेव्हा वाटेतली हवा क्षणात भयंकर तापते, फुगते, धडाडते, तोच गडगडाट. उजेड आधी पोचतो, आवाज मागून रखडत येतो. जेवढा उशीर, तेवढी वीज लांब.

घरी मात्र हे ज्ञान उंबऱ्याबाहेर ठेवावं लागे. नवरा बसवेश पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेला. अशांवर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळ भरलं की सासू बसव्वा त्याला घरात ओढायची.

"अजून कामून कोंडायलीस गं, अव्वा?" म्हणत तो हसायचा.

गेल्या वैशाखात तो बैल आणायला शेतात गेला, तो गेलाच. दारातून शैलश्रीनं शेतावर वीज पडलेली पाहिली. ती धावणार, तोच बसव्वानं तिचं मनगट धरलं.

"आवाज होऊ दे, मग जा."

शैलश्री थांबली. आवाज आलाच नाही. गावात फळीवरची भांडी पडली, लेकरं किंचाळली, हिला काहीच ऐकू आलं नाही. लोक त्याला उचलून आणेपर्यंत ती दारातच उभी होती. धक्क्यानं असं होतं, असं तिनं नंतर स्वतःला समजावलं.

"जागीच गेलं गं लेकरू," बसव्वा म्हणाली. "त्याला काई कळलंबी न्हाई."

या एका वाक्याच्या आधारावर शैलश्रीनं वर्ष काढलं. रात्री काळीज तुटायला लागलं की तेवढंच ती घोकायची.

आज वर्षश्राद्ध नाही की काही नाही, साधा उन्हाळ्याचा दिवस. आभाळात ढगाचं नाव नव्हतं. दोघी अंगणात सांडगे घालत होत्या.

आणि शेताकडून धडाडलं.

कोंबड्या दाणे टिपतच राहिल्या.

शैलश्री ओळखून चुकली. हा तोच, राहिलेला आवाज. यायला वर्ष लागलं, म्हणजे तिचा बसवेश केवढ्या लांब होता!

मग त्याच वाटेनं, गडगडाटाच्या मागून, हाक आली.

"शैला, ये की गं. लवकर ये."

गडगडाटाच्या मागून. म्हणजे वीज पडल्यावर तो जिवंत होता. तिला बोलवत होता, आणि ती दारात उभी होती.

तिच्या हातातलं पीठ गळून पडलं.

बसव्वानं मान वर केली नाही.

"आज ऐकू आलं व्हय तुला?" ती म्हणाली. "मला वरीसभर रोज येतंय."

शैलश्री उठू लागली. बसव्वानं पिठाच्या हातानं तिचं मनगट धरलं, त्या दिवशी धरलं होतं तसंच.