गोष्ट पुढे न सरकणारे भाग

ज्या माणसावर पुढे आपला जीव जडणार आहे, त्याने पहिल्याच भेटीत "नवीन दिसताय" म्हणून आपल्याला मोडीत काढावं, हे काही बरं लक्षण नव्हे. पण तिच्या बाबतीत नेमकं तसंच झालं. तेही तिच्याच दवाखान्यात, तिच्याच टेबलाशी, त्याचा सुजलेला हात तिच्या हातात असताना.

तो फ्रेमवाला होता. चित्रांना, फोटोंना, लोकांच्या पदव्यांना चौकटी बसवायचा. काच कापताना उजव्या हाताच्या मधल्या बोटाची आतली दोरी तुटली होती. सर्जनने ती शिवली, जखम भरली, आणि ते बोट पुन्हा मिटायला शिकवायचं काम हिच्याकडे आलं. दवाखान्यात फिजिओथेरपीला दोघीच. थोरल्या गुडघे बघायच्या म्हणून पेशंट त्यांना 'गुडघेवाल्या बाई' म्हणत, आणि ही हात बघायची म्हणून 'बोटवाली'. तिला ते नाव मुळीच आवडत नसे, पण तिला विचारतो कोण.

फ्रेमवाल्याची नजर तिच्या पाण्याच्या बाटलीवर गेली. बाटलीवर स्टिकर होतं... मोठे डोळे, विस्कटलेले केस, पाठीला तलवार बांधलेला, जपानी कार्टूनमधला मुलगा.

"अ‍ॅनिमे बघता?"

"बघते."

"कधीपासून?"

"झालं असेल वर्ष."

"हं," तो समजूतदारपणे हसला. "नवीन दिसताय. हा सगळ्यांनाच आधी आवडतो. पुढे आवड सुधारते."

तिने त्याचं बोट वाकवायला घेतलं. नेहमीपेक्षा किंचित जास्त जोर लागला असावा, कारण त्याचं हसू जागच्या जागी आटलं.

"दुखतंय?"

"नाही... म्हणजे, थोडं."

"पुढे सवय होते," ती म्हणाली.

त्या दिवशी घरी जाताना ती सगळी वाट मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होती. आवड सुधारते म्हणे. जशी काही आवड म्हणजे सर्दी, औषधपाणी केलं की बरी होणारी. आणि एवढं भांडून घरी पोचल्यावर लक्षात आलं की त्याचे डोळे कसे होते ते आपल्याला नीट आठवतंय. याचा तर तिला आणखीनच वैताग आला.

व्यायामाआधी हात कोमट मेणात बुडवून, टॉवेलात गुंडाळून ठेवावा लागतो. तेवढा वेळ पेशंटला उठता येत नाही आणि फ्रेमवाल्याला गप्प बसता येत नसे. तो शाळेपासूनचा अ‍ॅनिमेभक्त. कुठली मालिका आधी बघायची, कुठली नंतर, कशाचा मूळ आवाज चांगला... सगळं तोंडपाठ. ऐकून ऐकून तिचे कान किटले.

"बरं, तुमच्या सगळ्यात आवडत्या मालिका सांगा," एकदा तो म्हणाला. "मी हसणार नाही."

"हसलात तर बोट माझ्या हातात आहे." तिने टॉवेलची गाठ तपासली. "ती मुलींच्या व्हॉलीबॉलची मालिका. त्यातली बाकावर बसून राहणारी राखीव मुलगी."

"तिला तर धड नावसुद्धा नाही."

"म्हणूनच. अख्खी मालिका ती इतरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधते. आणि बरोबर बांधते. मी बघितलंय थांबवून थांबवून." ती जरा थांबली. "दुसरी ती यंत्रमानवांची जुनी लढाई."

"वा, कथानक काय आहे तिचं..."

"कथानक मला कळलंच नाही. पण त्या यंत्राचा गुडघा बघितलात? आधी किंचित फिरतो आणि मग वाकतो. माणसाचा तसाच वाकतो हो. कुणीतरी चित्र काढायच्या आधी बसून गुडघा शिकलंय."

तो खरंच हसला नाही. तिच्याकडे बघत राहिला. त्या बघण्याने तिचा हात उगाचच पुन्हा टॉवेलच्या गाठीकडे गेला.

"आणि तिसरी हा तलवारवाला. पण सगळी मालिका नाही, एकच भाग. त्याची चप्पल हरवते आणि सगळी टोळी दिवसभर ती शोधत हिंडते."

"तो?" फ्रेमवाला खुर्चीतच पुढे झाला. "अहो, तो फिलर आहे. मूळ गोष्ट कमी पडली की मध्ये घालतात तसले भाग. गोष्ट एक पाऊल पुढे जात नाही त्यात. आम्ही गाळतो ते. मीपण गाळला."

"गाळला? म्हणजे बघितलाच नाही?"

"बघायचंय काय त्यात?"

आता मात्र तिचं डोकं फिरलं. तिने टॉवेल सोडला, त्याच्या बोटांवरचं मेण सोलत सोलत बोलायला लागली, आणि बोलता बोलता जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगून बसली. गेल्या साली आई पडली, मांडीचं हाड मोडलं. दिवसभर इथे लोकांचे हातपाय हलवायचे आणि घरी जाऊन आईचा पाय. आई ऐकायची नाही. डॉक्टर झालीस म्हणून आईला शिकवतेस का, म्हणायची. शेवटी धाकट्या बहिणीने टीव्हीवर ही मालिका लावून दिली आणि आईला सांगितलं, एक भाग संपेपर्यंत पाय उचलत राहायचं. आई उचलायला लागली.

"आज जेवढा पाय उचलला, तेवढाच उद्या. तेवढाच परवा. काही म्हणून पुढे सरकत नव्हतं. आणि त्या पोराला रोज उठून जग वाचवायचं... मला बघवेना ते. मग हा चपलेचा भाग आला. कुणी जिंकत नाही, कुणी मरत नाही. सगळे नुसते एकमेकांबरोबर असतात. आई आणि मी हसत होतो, आणि मला कळलंच नाही मी रडायला कधी लागले." तिने मेणाचा गोळा भांड्यात टाकला. "तुम्ही खुशाल गाळा."

तिला वाटलं, आता तरी हा सॉरी म्हणेल.

"आई चालतात आता?" त्याने विचारलं.

"चालते. शेजारणीकडे जाऊन बसते ती उठतच नाही."

"मग मी बघतो ते भाग. सगळे."

"नुसतं बघायचं नाही." तिने कपाटातून डबी काढली. हातांच्या व्यायामाचा हिरवा लगदा, लहान मुलांच्या चिकणमातीसारखा. "एक भाग संपेपर्यंत हा दाबत राहायचा. सकाळी एक, संध्याकाळी एक. शिवलेली दोरी आत आजूबाजूला चिकटायला बघते. ती हलती ठेवली नाही तर बोट असंच अर्धवट राहील. मग काच धरता येणार नाही तुम्हाला."

"सकाळी एक, संध्याकाळी एक," तो शहाण्या मुलासारखा म्हणाला.

पुढचे दिवस मोठे मजेचे गेले आणि मोठे वैतागाचे. मजेचे, कारण तो यायचा, कोपर टेबलावर टेकवायचा आणि बघितलेला भाग रंगवून रंगवून सांगायचा. वैतागाचे, कारण बोट ढिम्म हलत नव्हतं. ती कोनमापक लावायची. मागच्या खेपेला होता तोच आकडा. तिने पुस्तकं उघडली, सर्जनला फोन केला, मेणाचा वेळ वाढवला. आपलंच कुठेतरी चुकतंय या विचाराने तिला जेवण गोड लागेना. सर्जनने तर सरळ सांगितलं, महिनाभरात फरक पडला नाही तर बोट तसंच धरून चाला.

आणि या सगळ्याच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. ती तिने स्वतःपाशीही उशिराच कबूल केली. बोट मिटलं की तो जाणार. पेशंट बरा झाला की दवाखान्यात येत नाही, यायचं कारणच काय? म्हणजे ती ज्या कामासाठी जिवाचं रान करत होती, ते झालं की तो दारातून बाहेर. तरी ती बोट वाकवत होती. सगळी विद्या पणाला लावून वाकवत होती.

त्या दिवशी बाहेर रिमझिम होती. तो भिजूनच आला, केसांतून पाणी निथळत होतं.

"काल तो छपराखालचा भाग बघितला," तो म्हणाला. "पाऊस थांबेपर्यंत सगळे उभे राहतात बघा. कुणी कुणाशी बोलत नाही. आणि तो खडूस सेनापती... शेजारच्या पोरीच्या डोक्यावर आपली टोपी धरतो. समोर बघत. जणू हात आपोआप गेलाय. मी तीनदा बघितला तो भाग. इतकी वर्षं काय काय गाळलं मी, डॉक्टर."

पावसाचे थेंब खिडकीच्या पत्र्यावर वाजत होते. तिला एकदम कळलं की आता आपलं काही खरं नाही. ते लपवायला म्हणून ती कामाचं बोलली.

"लगदा आणलात? बदलून देते. एव्हाना कडक झाला असेल."

"तो... राहू द्या ना. चांगला आहे अजून."

"द्या इकडे."

त्याने खिशातून डबी काढली. तिने झाकण उघडलं. फ्रेमच्या दुकानात वावरणाऱ्या माणसाचा लगदा दोन दिवसांत मळतो, त्याला लाकडाचा भुसा चिकटतो, बोटांचे ठसे उठतात. हा हिरवागार होता. डबीच्या तळाची नक्षी त्याच्यावर जशीच्या तशी होती.

"तुम्ही हा दाबलाच नाही," ती म्हणाली.

त्याने डबी परत घ्यायला हात पुढे केला.

"एकदाही नाही?"

"भाग सगळे बघितले," तो हळूच म्हणाला. "खरंच."

"मी काय विचारतेय?"

"बोट बरं झालं तर..." तो टेबलाकडे बघत होता. "बोट बरं झालं तर इथे काय सांगून येऊ? मला वाटलं, थोडे दिवस राहू दे तसंच. काय बिघडतंय..."

तिने डबी टेबलावर आपटली. पलीकडच्या पडद्याआडून गुडघेवाल्या बाईंचा "काय पडलं ग?" असा आवाज आला, पण ती आता थांबणार नव्हती.

"काय बिघडतंय? बोट जातंय तुमचं. उद्या काच हातातून सुटली की दुकानाला कुलूप लावा. मी इथे पुस्तकं धुंडाळतेय, सर्जनची बोलणी खातेय, मला वाटतंय मला येतच नाही हे काम. आणि तुम्ही मजेत टोप्या बघताय. तुम्ही बरे झालात की येणार नाही हे काय मला कळत नव्हतं? रोज कळत होतं. रोज. तरी वाकवतच होते ना मी?"

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला ऐकू आलं. त्यालाही आलं. त्याने मान वर केली. कानापर्यंत लाल झाला होता.

"डॉक्टर..."

"एक अक्षर बोलू नका." तिने पडद्याकडे हात केला. "आजपासून तुम्ही माझे पेशंट नाही. ते बोट तळव्याला टेकेपर्यंत मला तोंड दाखवायचं नाही. तिकडे जा, पडद्यापलीकडे."

मग तिने गुडघेवाल्या बाईंना बाजूला घेतलं. "एवढा पेशंट तुम्ही घ्या. माझ्याने होणार नाही."

"बोट होणार नाही की माणूस?" बाईंनी विचारलं.

"माणूस," ती म्हणाली आणि हात धुवायला निघून गेली.

गुडघेवाल्या बाईंच्या हाताखाली भलेभले पैलवान देवाचं नाव घेत. फ्रेमवाल्याचं कण्हणं पडद्याआडून यायचं. ती आपल्या पेशंटच्या अंगठ्यांचे कोन मोजत बसायची आणि कान मात्र तिकडे. विचारणार नाही असं ठरवलं होतं आणि विचारलं नाही. बाई स्वतःच येता-जाता काहीतरी टाकून जायच्या. "हललं ग आज थोडं." किंवा "दुकानात बसूनही दाबतो म्हणे, गिऱ्हाईकं हसतात." ती "बरं" म्हणायची. कधी कधी तिला त्याचा इतका राग यायचा की वाटायचं जाऊन विचारावं, एवढी सोपी गोष्ट आधी केली असतीत तर काय झालं असतं? पण आधी केली असती तर तो एव्हाना निघून गेला असता, हेही तिला कळत होतं. अशा माणसावर नीट रागावताही येत नाही.

एका दुपारी दवाखाना रिकामा होता. ती मेणाचं भांडं खरवडत होती. दारात तो उभा.

"तुमची वेळ आज नाही," ती भांड्यातून मान न काढता म्हणाली.

"माहीत आहे. बाईंनी काल सुट्टी दिली मला. कायमची."

"मग? दुखतंय?"

"नाही."

"सूज?"

"नाही."

"मग तक्रार काय आहे?"

"काहीच नाही," तो आत आला. "काही होत नसताना आलोय. आलो तर चालेल का, एवढंच विचारायचं होतं. म्हणजे आज. आणि मग रोज. तुम्ही मला फार आवडता हो. पहिल्या दिवशी बोट पिरगाळलंत तेव्हापासून."

"पिरगाळलं नव्हतं," ती म्हणाली. पण तिला पुढचं काही सुचेना, म्हणून तिने सवयीने त्याचा हात हातात घेतला. "मिटा बघू."

त्याने मूठ मिटली. मधलं बोट थरथरलं, अडखळलं आणि सावकाश जाऊन तळव्याला टेकलं. तिने खाली वाकून बघितलं. फट राहिली नव्हती. डोळ्यांत आलेलं पाणी तिने कोटाच्या बाहीने पुसलं.

"उघडा."

त्याने उघडली. शिवलेली दोरी कशी सरकते ते चाचपायला तिने त्याच्या तळव्यावर आपली दोन बोटं ठेवली, आणि त्याने ती दोन बोटं मुठीत घेतली.

"सोडा."

"सोडायचा व्यायाम तुम्ही शिकवलाच नाही."

"शिकवला होता. तुम्ही केला नव्हता." तिला हसू येत होतं आणि त्याचा भयंकर रागही येत होता. पण राग बऱ्याच दिवसांचा होता आणि आता संपत आला होता.

त्याने मूठ आणखी आवळली.

"हळू धर," ती म्हणाली. "दोरी नवी आहे अजून."