भिमाची हजेरी

मी गणिताचा मास्तर. सोनईला अकरावीच्या, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या, पोरांना बीजगणित शिकवायचो आणि वर्षभर एकच गोष्ट ओरडून सांगायचो, "चाचणीत पहिला आलास, सहामाहीत पहिला आलास, त्याचं लोणचं घाल! कॉलेजवाले मॅट्रिकचा आकडा बघतात." नगरच्या सायन्सला त्या साली, म्हणजे त्र्याहत्तरला, साठ टक्क्यांच्या खाली कुणी दारात उभं करत नव्हतं.

दुष्काळ होता. माझी सगळ्यात हुशार विद्यार्थिनी भिमा जानेवारीपासून आई कलाबाईबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. तिथं जोडीची पद्धत. एकीनं फोडायची, दुसरीनं घमेल्यानं वाहायची. एक आली नाही की मस्टरवरून, म्हणजे हजेरीपटावरून, दोघींचं नाव कट. संध्याकाळी भिमा माझ्याकडे येऊन गणितं सोडवायची. मला तिचा भारी अभिमान होता.

बीजगणिताच्या पेपराच्या आदल्या दिवशी ती आली तेव्हा तळहातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. फोड फुटले होते.

"सर, बाकीच्या पेपरांना मुकादमानं सोडलं. उद्या साहेब तपासायला येनार हाय. न्हाई गेले तर आमचं दोघींचं नाव जाईल."

माझं डोकंच फिरलं. "आणि पेपर नाही दिलास तर? साठ टक्के काय आभाळातून पडणार?"

तिनं हातावरची चिंधी दातांनी घट्ट ओढली. मग म्हणाली, "दोन्हीकडं जाते."

दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला ती तिसऱ्या बाकावर हजर. पर्यवेक्षक मीच होतो. मान खाली घालून सपासप लिहीत होती, पाणीसुद्धा मागितलं नाही. उत्तरपत्रिकेवर सही करताना तिच्या हातांकडे लक्ष गेलं. तळवे स्वच्छ, मऊ. फोड नाही, वळ नाही. कलाबाईनं रात्री हळद लावली असणार, असं म्हणून मी पुढच्या बाकाकडे वळलो.

संध्याकाळी एसटी स्टँडवर मुकादम सहादेव भेटला.

"मास्तर, तुमची भिमा लई कामाची. साहेबाम्होरं दिवसभर खडी फोडली तिनं."

मी हसलो. मस्टरात खोटी नावं लावणं मुकादमांना काही नवीन नव्हतं. "सहादेवा, मला शेंड्या लावू नकोस."

"आईची आन! दीडशे बाया हुत्या तिथं, इचारा."

मी विचारलं नाही. पेपर दिला गेला होता, मला तेवढं पुरे होतं.

जूनमध्ये निकाल लागला. भिमाला एकाहत्तर टक्के! बीजगणितात शंभरपैकी अठ्ठ्याण्णव! मी शाळेच्या पटांगणात चक्क नाचलो. लगेच तिला घेऊन नगर गाठलं. कॉलेजच्या कारकुनानं गुणपत्रिका पाहिली आणि खुर्चीतून उठून म्हणाला, "सायन्स ना? बिनधास्त घ्या!" यादीत तिचं नाव चौथं लागलं. तिला सोडायला जाताना एसटीत दोघांच्या वाटचं मीच बोलत होतो. तिनं तोंड उघडलं नव्हतं. मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकात तिनं वाकून नमस्कार केला आणि आत गेली. मला रडू आवरेना.

परतीच्या गाडीनं निघालो ते पेढे घेऊन थेट कामावर उतरलो. तलावाला अजून थेंबभर पाणी नव्हतं. बांधावरूनच हाक मारली, "कलाबाई, पोरगी सायन्सला गेली! मी स्वतः सोडून आलो!"

घमेली खाली आली. बायका बघायला लागल्या.

कलाबाई हसली. "थट्टा करता व्हय, गुरुजी? सकाळपासून ती हितंच हाय की."

मी तिच्या पलीकडे पाहिलं.

भिमा खडीच्या ढिगाशी बसली होती. हातोडा बाजूला ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

"झालं का माझं, सर?"

मी पेढ्यांचा पुडा तिच्यापुढे धरला. "झालं."

तिचा चेहरा उजळून निघाला. बायकांनी एकच गिल्ला केला, पेढे हातोहात गेले, कुणी तिची दृष्ट काढली. म्हातारी मालनबाई तर फुगडी घालायला निघाली.

त्या गोंधळात भिमा माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली,

"सर, तेवढं तिला सुट्टीत घरी धाडू नका."