मोरोक्कोच्या कमानीपाशी मारलेली हाक

खुए पुन्हा बोलेल की नाही, या घोरानं दिएमच्या डोळ्याला तीन रात्री डोळा लागला नव्हता. पाच वर्षांची लेक, दिवसभर टकळी चालू असायची; कमानीच्या कठड्यावरून पडली काय आणि वाचाच बसली. हातपाय धड होते. डॉक्टरांनी धक्का बसलाय म्हणून सांगितलं आणि गोड औषधाची बाटली दिली.

सासूबाईंचं निदान निराळं होतं. पोरीचा जीव तिथंच राहिलाय. आईनं भर दुपारी जाऊन त्याला हाक मारायची आणि मागे न बघता घरी आणायचा. दिएम शाळेत गणित शिकवायची, असल्या गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता. पण तीन रात्री जागल्यावर अविश्वाससुद्धा परवडत नाही. पोरीचा सदरा, नैवेद्याला उकडलेलं अंडं आणि मूठभर तांदूळ घेऊन ती मुकाट निघाली.

कमान चहाच्या मळ्यापलीकडे होती. फ्रेंचांनी लढायला आणलेले मोरोक्कोचे शिपाई लढाई संपल्यावर इथंच अडकले, सरकारी गोठ्यावर गाई राखत, आपल्याकडचा पुदिन्याचा चहा पीत वर्षानुवर्षं परतीची वाट बघत राहिले. त्यांनीच ती बांधली, आपल्या गावच्या वेशीसारखी. पुढे बोलावणं आलं, ते गेले. सगळेच गेले असं नाही, असं सासूबाई म्हणायच्या.

आसपास चिटपाखरू नव्हतं. कमानीची सावली तिच्याच पायाशी गोळा झाली होती. दिएम आत शिरली आणि झाडांवरची किड्यांची किरकिर एकदम थांबली. पुदिन्याचा वास आला... गवतात पुदिना कुठंच दिसेना. अंडं-तांदूळ ठेवून, सदरा पसरून तिनं कशीबशी हाक मारली आणि घरची वाट धरली. वाटेत सदरा जड लागायला लागला. घामानं असेल, तिनं स्वतःला समजावलं.

सदरा पोरीच्या अंगावर पांघरल्यावर तासाभरात खुए उठून बसली. बोलली नाही, पण दोन वाट्या भात जेवली.

“काय मास्तरीणबाई, लागलं ना आम्हा अडाण्यांचं औषध?” सासूबाई हसल्या. मग सहज त्यांनी विचारलं, काय म्हणून हाक मारलीस?

“तीन आत्मे, सात प्राण, घरी चला...”

सासूबाईंचा हात वाटीतच थांबला. “सात प्राण पुरुषाचे गं. बाईचे नऊ.” मग अगदी हळू, “नाव तरी घेतलंस ना तिचं?”

दिएमला आठवेना. बाळा म्हणाली होती. नुसतंच बाळा. जन्मभर पोरांचे आकडे तपासले आणि स्वतःच्या लेकीच्या वेळी...

ती पोरीजवळ जाऊन बसली, गालावरून हात फिरवला. गाल गार होता.

“खुए, राणी... ओळखलंस ना मला?”

पोरीनं तिच्याकडे शांतपणे पाहिलं. तीन दिवसांनी तोंड उघडलं. आवाज तिचाच होता.

“खुए तिथंच बसलीये. रडतेय. तिला का नाही बोलावलं?”