बर्फातली पाकळी

"माफीनाम्यावर सही कर, दिव्यानी. नाहीतर आजपासून प्रयोगशाळेत पाऊल टाकायचं नाही."

"मी आकडे बनवले नाई, सर. सही करत नाई!"

चंद्रपूरच्या त्या कॉलेजात गुणवंतराव सरांपुढे तोंड उघडायची कोणाची छाती नव्हती. वडशाच्या मासे धरणाऱ्याची ही पोर मात्र ताठ उभी होती. उंदरांचे पिंजरे झाडणाऱ्या गिरजाला दारातून ते पाहवेना. तिचंही अर्धं आयुष्य बर्फातले मासे विकण्यात गेलेलं.

भानगड अशी होती. काही उंदरांना आतड्यात गाठ लवकर होते, काहींना होत नाही. का, ते दिव्यानी आतड्यातल्या एका एन्झाइमवरून शोधत होती. दसऱ्याआधी तिने मोजलं, तर गाठवाल्या उंदरांत एन्झाइम दुप्पट. दसऱ्यानंतर फ्रीजरमधले आतड्यांचे उरलेले तुकडे सरांनी मोजले, तर सगळीकडे जवळजवळ शून्य. म्हणजे पोरगी खोटी, विषय संपला!

"संपला कसा?" गिरजा तडक आत शिरली. निवाड्याला बसलेल्या प्राचार्य ज्योत्स्ना मॅडम चमकल्या.

गिरजाने फ्रीजर उघडला. दारावर झेंडूची वाळकी माळ होती. वरच्या कप्प्यांत पांढरं, भुसभुशीत हिव जमलेलं. तळाशी मात्र काचेसारखा बर्फ, आणि त्याच्या आत एक पिवळी पाकळी.

"सर, मधात लाइन गेली होती काय?"

"जनरेटर आहे. एक मिनिटही नाही."

"माळ कवाची?"

"दसऱ्याची. पूजा मीच केली."

"अन् चाबी?"

"माझ्याकडेच. तुला काय करायचंय?"

"मले एन्झाइम समजत नाई, पण बरफ समजते. हा काचेवानी आहे, म्हंजे आधी पाणी झालं. पाकळी वर नाई, आत आहे. म्हंजे माळ चढल्यावर फ्रीजर वितळला अन् पुन्हा गोठला. लाइन गेली नाई, चाबी तुमच्यापाशी. दसऱ्याले आपण साऱ्याच यंत्राले आराम देतो ना, सर?"

"तुकडे वितळले की एन्झाइम मरते, मॅडम!" दिव्यानी ओरडली.

गुणवंतरावांचा चेहरा उतरला. "पूजेसाठी बंद केला... सकाळपर्यंत चालू करायचा विसरलो."

"विसरते माणूस, सर. पण माहीत असून पोरीले खोटी ठरवलं, तेबी विसरून केलं काय?"

दिव्यानीने तो माफीनामा उचलला, आपलं नाव खोडलं आणि कागद सरांपुढे सरकवला.

"आता तुमी सही करा, सर."