पौषातला मांडव

खोटं बोलत असेन तर आत्ताच्या आत्ता माझी कवळी घशात अडकू दे! यातला शब्दन् शब्द खरा आहे. वाटलं तर घाटकोपरला भटवाडीत जाऊन कुणालाही विचारा. फक्त वनमालाला विचारू नका. ती लाजते.

साल पंच्याऐंशी. भटवाडीत लग्न कुणाचंही असो, मांडव दशरथरावांचा. पण पौष लागला की लग्नं बंद. मग मांडवाची कापडं गोदामात पडून आणि दशरथराव घरात पडून. त्या पौषात त्यांनी एका गिऱ्हाइकाच्या भिंतीवर कॅलेंडर बघितलं. उजाड माळ, छोटासा तंबू आणि बाहेर खुर्च्या टाकून चहा पीत बसलेली गोरी मंडळी. झालं! डोक्यात किडा शिरला.

"जानकी, ह्यांच्याकडे एवढोसो तंबू, तरी काय ती ऐट! आपल्याकडे तर अख्खो मांडव आसा. चल, माणदेशात फिराक जाऊया. थंय मैलभर झाड नाय म्हणतत."

"झाड नाही, तर बघायचं काय?" जानकीबाईंनी विचारलं.

"झाड नाय, ताच बघायचा!"

परतायचं मात्र सोमवारी, काहीही झालं तरी. कारण मंगळवारी माघ लागणार आणि अंधेरीची मंडळी त्यांच्या लेकीला, वनमालाला, बघायला येणार. मुलगा बँकेत, नाव चंद्रप्रकाश, फोटोत नाकीडोळी ठीकठाक. वनमालाने हो म्हटलं नव्हतं... पण नाही म्हणायला कारणही नव्हतं.

निघायच्या सकाळी ते कारण मॅटाडोर चालवत आलं.

वनमाला मागच्या दारातून गाडीत बांबू सरकवत होती. जोर लावला, आणि पुढून आवाज आला, "आयला! मेलो!" खिडकीतून डोकं बाहेर आलं. नेहमीच्या ड्रायव्हरचं, खंडूमामाचं टक्कल नव्हे हं — चांगलं कुरळ्या केसांचं डोकं.

"खंडूमामा कुठायत?" तिने दरडावलं.

"कंबर धरलीय त्यांची. मी सहदेव, मुलुंडचा. त्यांचा भाचा... बांबू अजून वीतभर आत आला असता, तर भाचा होता म्हणायला लागलं असतं."

"डोकं शाबूत आहे ना? मग ओरडता कशाला?"

"ओरडत नाही, मॅडम. बघतोय."

"काय?"

"बांबू."

बांबू त्याच्या कानाशी होता, आणि तो बघत होता भलतीकडेच. वनमालाने वेणी पाठीवर टाकली, आणि उगाचच परत पुढे घेतली.

गाडी निघाली. जानकीबाई डब्यांवर हात ठेवून पेंगल्या. दशरथराव पुढच्या सीटवर बसून "ह्यां बघा, त्यां बघा" करत होते. घाट चढून गेल्यावर वनमालाच्या लक्षात आलं — ड्रायव्हरच्या आरशात रस्ता दिसायला हवा, तिथे तिला दोन डोळे दिसतायत.

"आरसा मागच्या गाड्या बघायला असतो," ती हळूच म्हणाली.

"मागे कुठे गाडी आहे?"

"मग कशाला बघायचं?"

"मागे काय काय आहे ते नीट बघून ठेवावं ना..."

दशरथरावांनी मान वळवली. "काय म्हणतंस रे?"

"काही नाही, काका! गाडी झकास चाललीय म्हणतोय."

माणदेशात पोचले. बघावं तिकडे माळ — पिवळा, उघडा, आभाळाला जाऊन टेकलेला. एका शेळीने आल्या आल्या दशरथरावांची टोपी खाल्ली आणि वर ढेकर दिली. हो, शेळी ढेकर देते! मध्ये बोलू नका.

मांडव ठोकायला सुरुवात झाली. आता सांगते, वनमाला गोदामातच वाढलेली. काथ्याची गाठ मारावी तर तिनेच. चार माणसं लोंबकळली तरी सुटायची नाही. सहदेवने मारली की मात्र घसरायची.

"अरे, असं नाही रे! खालून घे... आता ओढ." अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही. काथ्या ओढताना त्याच्या बोटांवर तिची बोटं आली. काथ्या बोचरा असतो गं... पण दोघांपैकी कुणी हात काढला नाही.

लाल-पिवळी कापडं चढली, झालर लागली. पुढच्या पडद्यावर 'शुभविवाह' शिवलेलंच होतं, ते कुठे उसवत बसणार? मग बायकांसाठी आडोसा हवा, म्हणून वनमालाने पांढरी चादर एका बाजूने धरली, सहदेवने दुसऱ्या. चादरीवरून तो वाकून बघतोय, ती चादर वर करतेय —

आणि टपटप तांदूळ पडले!

मागे अर्धं गाव उभं. सगळ्यात पुढे चंपाआजी, ओच्यात अक्षता घेऊन. "व्हय गं बया, पौषात लगीन? एवढी काय घाई म्हनायची?"

"लग्न नाय ओ!" दशरथराव धावत आले. "आमी फिराक इलंव!"

"फिराया? हितं?" चंपाआजी एवढं हसल्या की कमरेवर हात ठेवायला लागला. "आरं, हितनं मानसं ममईला जात्यात फिराया!"

पण पाहुणे ते पाहुणेच. आगटी पेटली, कोवळा हुरडा भाजला, शेंगदाण्याची चटणी आली. चंपाआजीने गरम दाणे चोळून सहदेवच्या हातावर ठेवले. "मग पोरा, तुजं लगीन कवा?"

"ठरलं नाही अजून," तो म्हणाला.

"माझं ठरतंय," वनमाला विस्तवाकडे बघत म्हणाली. "मंगळवारी बघायला येणार. अंधेरीचे."

सहदेवच्या ओंजळीतले दाणे तसेच राहिले.

आगटीपासून जरा लांब जाऊन तिने त्याला गाठलं. "आता का गप्प? आरशात तर फार बोलत होतास."

"काकांनी विश्वासाने अख्खं घर माझ्या गाडीत बसवलंय, वनमाला. मी काय सांगू त्यांना? गाडी दादाची, घर भाड्याचं..."

"मी गाडी विचारली? घर विचारलं?"

"मग काय विचारतेयस?"

"ते पण मीच सांगू?" ती फणकारली आणि निघून गेली.

झोपायच्या आधी दशरथरावांनी हाक मारली, "दोर घट्ट बांधलंस गो?"

"माझी गाठ कधी सुटलीय, बाबा?"

सोमवारी सकाळी लवकर निघायचं. चहा झाला, सामान चढायला लागलं. सहदेव मांडवात उरलेल्या वळकट्या आणायला गेला. मागोमाग वनमाला गेली, दोर सोडायला. आणि असला वारा सुटला, असला वारा — अख्खा मांडव धप्पकन खाली! मॅटाडोरवर, चुलीशेजारी, त्या दोघांवर.

आत सगळं लाल. लाल उजेड, लाल धूळ, आणि चार बोटांवर एकमेकांचे चेहरे.

"लागलं तुला?" त्याने विचारलं.

"नाही. बोल."

"आत्ता? इथे?"

"इथे आरसा नाही. समोर बघून बोलायला लागेल."

"वनमाला... मंगळवारी त्यांना नाही म्हण."

"का?"

"कारण... माझ्याशी कर लग्न. बस! झालं ना समाधान?"

"एवढं सांगायला अख्खा मांडव पडायला लागला तुला," ती म्हणाली, आणि त्याच्या कुरळ्या केसांतली धूळ झटकायला लागली... हळू... फार हळू.

कापड उचललं गेलं. वर दशरथराव. खाली ती दोघं, आणि तिचा हात अजून त्याच्या केसांत.

दशरथरावांनी जवळचा दोर उचलला. त्याचं टोक उन्हात धरून नीट पाहिलं, कुठे तुटलेलं नव्हतं. मग लेकीकडे पाहिलं. मग परत दोराकडे. आणि गपचूप दोर खिशात घातला.

"सहदेवा."

"काका, मी सांगतो..."

"काथ्याची गाठ येता तुका?"

"येते. हिने शिकवली."

"मग मांडव परत बांध. आज खंय जावचा नाय." ते जानकीबाईंकडे वळले. "म्हसवडच्या पोस्टातून फोन लावतंय. अंधेरीवाल्यांका सांगतंय, येव नकात."

जानकीबाई मिश्कील हसल्या. "झाड नाही ते बघायला आलात, आणि जावई घेऊन चाललात."

माघातच लग्न झालं. तोच मांडव, तीच झालर. चंपाआजी एस.टी.ने हुरड्याची पिशवी घेऊन आल्या आणि भटवाडीभर सांगत सुटल्या, "पहिल्या अक्षता माज्या!"

तर असं आहे. शब्दन् शब्द खरा. बरं... कवळी जरा हलतेय, म्हणून सांगून टाकते. तो वारा तेवढा माझ्या पदरचा. त्या सकाळी जानकीबाईंच्या चुलीचा धूर काडीसारखा सरळ वर चालला होता.