तिसऱ्या सुराची जागा

खोटं सांगून मला काय मिळणार? पटत नसेल त्यांनी खुशाल गोष्ट म्हणून वाचा. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलंय हे. आणि तेही रात्री-अपरात्री नाही... भर दुपारी, तालमीच्या हॉलमध्ये, पन्नास-साठ वादकांच्या देखत.

ताई वाद्यवृंदासाठी संगीत लिहून देते. म्हणजे चाल दुसऱ्याची असते, कुठल्या वाद्यानं काय वाजवायचं ते ती ठरवते. या वेळचं काम घरचंच होतं. तिच्या सख्ख्या दादाचं.

दादानं तरुणपणी एका व्हिडिओ गेमला संगीत दिलं होतं. तो गेम खेळत एक अख्खी पिढी मोठी झाली. आता त्याच संगीताची मोठी मैफल होणार होती, आणि दादाचा सत्कार.

खरं तर ते संगीत दोघांचं. दादाचं आणि त्याच्या मित्राचं. मित्र सदानकदा मशीनमध्ये डोकं घालून बसायचा, म्हणून सगळे त्याला किडा म्हणत. ताईचं आणि किड्याचं जमलं होतं. घरात सांगायचं तेवढं बाकी होतं.

गेम बाजारात यायच्या तोंडावर किडा गायब झाला.

"पळाला," दादा म्हणाला होता. "पळपुटा निघाला गं. रडू नकोस. मी आहे ना."

आईवडिलांच्या मागे दादानंच तिला वाढवलं होतं. त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ताईनं किड्याला मनातल्या मनात शिव्यांची लाखोली वाहिली. पुन्हा लग्नाचं नाव काढलं नाही.

तर, तालीम.

सगळं छान चाललं होतं. आणि एका जागी...

क्लॅरिनेट थांबलं.

एकच क्षण. मग पुन्हा सुरू.

कंडक्टरनं, म्हणजे बसच्या नव्हे, वाद्यवृंदाच्या, हात खाली घेतले. "काय काका, डुलकी लागली का?"

"मी फुंकलं की!" क्लॅरिनेटवाले काका उखडले. "एवढे गाल फुगले माझे, दिसले नाहीत?"

शेजारच्या बासरीवाल्या बाईंना दिसले होते. गाल फुगले होते, बोटं फिरली होती. फक्त आवाज आला नव्हता.

ताईनं पुढ्यातलं पान पाहिलं. ती जागा तिला चांगली माहीत होती.

गेमच्या त्या जुन्या मशीनमध्ये एका वेळी तीनच सूर वाजायचे. खेळात दार वाजलं, गोळी सुटली, की तो आवाज काढण्यासाठी मशीन तिसरा सूर तेवढ्यापुरता बंद करायचं. या ठिकाणीही तो बंद व्हायचा. ताईनं ती रिकामी जागा क्लॅरिनेटनं भरून काढली होती.

मशीनचं समजू शकतो. पण जित्याजागत्या माणसाचा सूर कोण बंद करणार?

आणि सूर बंद झाला... म्हणजे त्याच्या जागी दुसरा आवाज येणार.

दुसऱ्या दिवशी काकांनी क्लॅरिनेट बदललं. ताई त्यांच्या पाठीमागेच उभी राहिली.

ती जागा आली...

सूर गेला.

टक. टक. टक.

दारावर थाप. बाहेरून मारतात तशी नाही. आत अडकलेलं माणूस दमून मारतं, तशी.

ताईनं गर्रकन वळून पाहिलं. हॉलची दारं सताड उघडी होती.

"ऐकलंत?"

"काय हो?" काकांनी विचारलं.

कुणीच काही ऐकलं नव्हतं. तालमीचं रेकॉर्डिंग तिनं पुन्हा पुन्हा लावलं. थाप नव्हती. सूरही नव्हता.

घरी तिनं अवाक्षर काढलं नाही. लोक म्हणतील, बाईला भ्रम झालाय.

पुढच्या तालमीला दादा आला. मोठ्या कौतुकानं पहिल्या रांगेत, ताईच्या शेजारी बसला. डोळे मिटून, मान डोलावत ऐकू लागला.

ती जागा आली...

टक. टक.

मग लाकडावरून नखं ओढल्याचा आवाज...

आणि दादा पुटपुटला. डोळे मिटलेलेच. रोजचं म्हणून गेल्यासारखा.

"थांब रे किड्या. उघडतो."

वादक वाजवतच होते. ताई दादाकडे वळली.

"दादा... तुला ऐकू येतं?"

दादानं डोळे उघडले. चेहरा पांढराफटक.

"तुला पण?" तो म्हणाला. "मला वाटायचं, मला एकट्यालाच येतं."

"तू तर म्हणाला होतास, तो पळाला."

दादानं मान खाली घातली. "दोघांचं नाव लाव म्हणून हटून बसला होता. रागाच्या भरात नुसती कडी घातली मी. राग उतरल्यावर काढणारच होतो गं."

"कुठल्या दाराची?"

दादा उठला आणि निघून गेला.

मैफल झाली. ताईनं क्लॅरिनेटचा तेवढा भाग खोडून जागा रिकामी सोडली. मी ऐकायला होतो, मला काही ऐकू आलं नाही. सत्काराची खुर्चीही रिकामीच होती.

दादा अजून ताईसोबत त्याच घरात आहे. जेवतो, टीव्ही बघतो. ताई रोज तोच प्रश्न विचारते, तो रोज ताटाकडे बघतो.

"ज्यानं केसानं गळा कापला, त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडले," ती एकदा मला म्हणाली. "आणि शिव्या कुणाला दिल्या बघ."

आता बंद दार दिसलं की ती उघडते. कुणाचंही असो. परवा माझ्याकडे आली तेव्हा चहा थंड झाला, पण ती बसेना. खोल्या झाल्या, माळा झाला, कपाटं झाली.

मी तिला अडवलं नाही. तिच्या मागोमाग दिवा धरून फिरलो.