जादा खोली

नकाशे पाठवणं हेच त्याचं काम. इमारतीच्या आराखड्यात बदल झाला की तो सुधारित नकाशा सोडायचा, आणि गवंडी, प्लंबर, वायरमन अशा सगळ्या पोटठेकेदारांच्या टॅबवर टिंग वाजायचं. जुना नकाशा आपोआप पुसला जायचा. सगळे त्याला नकाशेवाले म्हणत. पाठीमागे आणखी बरंच काही म्हणत.

सकाळीच प्लंबर तणतणत आत आला. "ओ नकाशेवाले, तळघरात बेसिन कुणाला हवंय? उंदरांना?"

"तळघरात कसलं बेसिन?"

"स्वतःच पाठवायचं आणि वर आम्हालाच विचारायचं! चोर तो चोर, वर शिरजोर."

त्याच्या स्क्रीनवर तळघर मोकळं होतं. खांब आणि गाड्यांच्या जागा, बस्स. प्लंबरच्या टॅबवर मात्र कोपऱ्यात एक खोली होती. नकाशा त्याच्याच नावाने आलेला.

तो प्लंबरबरोबर खाली गेला. खोली बांधून झाली होती, दाराची जागा तेवढी उघडी. ओल्या सिमेंटचा वास येत होता. बेसिन फार खाली बसवलं होतं, पलंगावरून मान वळवून थुंकता येईल इतकं खाली. उशाशी ऑक्सिजनच्या मशीनपुरता वेगळा प्लग. त्याची बायको ज्या खोलीत वर्षभर पडून होती आणि जिथे गेली, ती ही खोली. रात्री-अपरात्री तो तिथे अंगठ्याने तिची नाडी शोधायचा. ती खोली पुन्हा दिसू नये म्हणून त्याने घर विकलं होतं. तिचा नकाशा त्याने कधीच काढला नव्हता.

"हे पाडा," तो बाहेर येऊन तिथल्या गवंड्याला आणि वायरमनला म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

गवंड्याने थापी झटकली. "तोंडी नको. मागे तोंडी ऐकून भिंत पाडली, तेव्हा तुम्ही कानांवर हात ठेवलेत. नकाशा पाठवा."

"अहो, मी समोर उभा राहून सांगतोय!"

"मग? तुमच्या शब्दावर नाचायला आम्ही काय तुमची माकडं?"

वायरमन खिदळला. जागचं कुणी हललं नाही.

त्याने तिथेच लॅपटॉप उघडला. मोकळ्या तळघरावर 'इथे खोली नाही' असं लिहून नकाशा सोडला. तिन्ही टॅब वाजले.

गवंड्याने पाहिलं. "हं. दार काढून टाकलंय." आणि त्याने दाराच्या जागेत पहिली वीट ठेवली.

"दार नाही, खोली! खोली काढा!"

"खोली आहे नकाशात."

विटा चढत गेल्या. त्याने पुन्हा नकाशा पाठवला. टॅब वाजले. आता कुणी बघितलंही नाही. प्लंबर आणि वायरमन त्याच्या आडवे उभे राहिले.

एका विटेपुरतं भोक उरलं. दोघांना ढकलून तो पुढे घुसला आणि वीट बसू नये म्हणून हात कोपरापर्यंत आत घातला.

"हात काढा, साहेब," गवंडी म्हणाला. आवाज एकदम मवाळ.

त्याला काढायचाच होता.

आतून कुणीतरी मनगट धरलं होतं, आणि एक अंगठा सावकाश नाडी शोधत होता.